स्टीरेज: परतीच्या फेरीत भरलेली माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेकीकडे अमेरिकेला गेला होतात, न्यू यॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंडचं, म्हणजे स्थलांतरितांच्या जुन्या तपासणी ठाण्याचं संग्रहालय पाहिलंत आणि तिथे जागोजागी 'स्टीरेज' हा शब्द वाचलात. ही जागा जहाजात नेमकी कुठे असायची, माणसं तिथे दीड-दीड महिना कशी राहिली, त्या जहाजांना 'शवपेट्या' म्हणतात ते कितपत खरं, आणि गुलामांना नेणाऱ्या जहाजांत व यांच्यात फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून जहाजावर चढलो आणि कॅप्टन म्हणून उतरलो. मधली तीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. नंतर किनाऱ्यावर सर्व्हेयरचं, म्हणजे जहाजं तपासण्याचं काम करताना जुन्या जहाजांचे आराखडे आणि प्रवासी याद्या वाचायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. त्यामुळे माझं उत्तर जहाजाच्या पोटातून येणार, हे आधीच सांगून ठेवतो. तिथून पाहिलं की एक गोष्ट पहिल्यांदा दिसते. स्टीरेज म्हणजे हलक्या दर्जाची प्रवासी सोय, असं लोक धरून चालतात. एकोणिसाव्या शतकाची पहिली पन्नास-साठ वर्षं ती प्रवासी सोय नव्हतीच. ती मालाची जागा होती. माल युरोपात उतरला, परत जाताना जागा रिकामी राहिली, म्हणून तिच्यात माणसं भरली. छत किती उंच, झोपायला किती फूट, जेवण कोणी शिजवायचं, मेला तर कोणाचं किती नुकसान, हे सगळं त्यावरून ठरत गेलं.

आधी नावाचं सांगतो. 'स्टीअर' म्हणजे सुकाणू वळवणं. जुन्या शिडाच्या जहाजात सुकाणूची यंत्रणा मागच्या अंगाला असे आणि तिच्या लगतच्या जागेला स्टीरेज म्हणत. पुढे हा शब्द पसरला. वरचा उघडा डेक आणि तळाचं होल्ड, म्हणजे मालाची कोठी, यांच्यामधला सगळा मजलाच स्टीरेज झाला. आम्ही जहाजावरचे लोक त्याला ट्वीन डेक म्हणतो. पेट्या, गासड्या, पिंपं अशा सुट्या मालासाठी तो मजला असतो. त्याला खिडक्या नसतात, कारण कापसाच्या गासडीला खिडकी लागत नाही. उजेड आणि वारा येणार तो फक्त हॅचमधून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी डेकला ठेवलेल्या चौकोनी तोंडातून. छताची उंची साडेपाच फूट, कधी त्याहून जरा जास्त. १८४२ च्या ब्रिटिश कायद्याने सहा फुटांची अट घातली. त्यातही वरचे आडवे वासे वजा केले तर उंच माणसाने मान वाकवूनच चालायचं.

आता माल कुठला, ते पाहू. नेपोलियनच्या युद्धांत बाल्टिक समुद्राकडून येणारं लाकूड ब्रिटनला मिळेनासं झालं, तेव्हा सरकारने जकातीची सवलत देऊन कॅनडाचा लाकूड-व्यापार उभा केला. क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविकमधलं सेंट जॉन या बंदरांतून पाइनचे ओंडके भरून जहाजं लिव्हरपूलला, लिमरिकला, कॉर्कला येत. लाकूड म्हणजे अवजड, अडगळीचा माल. पण परत जाताना कॅनडाला न्यायचं काय? ब्रिटनमधून जाणारं कापड, लोखंडी सामान, भांडी यांना जागा फार थोडी लागते. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं आणि वाऱ्यात कलंडायला बघतं, म्हणून त्याच्या पोटात दगड-वाळूचं वजन भरावं लागतं. त्याला बॅलास्ट म्हणतात. बॅलास्ट विकत घ्यावा लागतो, मजूर लावून चढवावा लागतो, पलीकडे मजूर लावूनच उतरवावा लागतो, आणि त्याचं भाडं कोणी देत नाही. माणूस भाडं देतो, आपल्या पायांनी चढतो आणि आपल्या पायांनी उतरतो. जहाजमालकाच्या वहीत हा हिशोब एका ओळीचा होता. थोडा बॅलास्ट तळाशी राहायचाच, पण वरचा अख्खा मजला आता पैसे देणारा झाला.

लिव्हरपूल-न्यू यॉर्कच्या रेषेवर लाकडाच्या जागी कापूस होता. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदराला अमेरिकेतून तंबाखू येई आणि परतीला जर्मन शेतकरी जात. फ्रान्समधलं ल हाव्र बंदर तर नमुनेदार: अमेरिकेचा कापूस तिथे उतरायचा, घोड्यांच्या गाड्यांतून अल्सासच्या गिरण्यांना जायचा, आणि त्याच गाड्या परत येताना अल्सास व दक्षिण जर्मनीतली बिऱ्हाडं बंदरावर घेऊन यायच्या. अमेरिकेतल्या कुठल्या गावी कुठल्या देशाचे लोक वसले, हे पुष्कळदा कुठला माल कुठल्या बंदरात उतरत होता यावरून ठरलं.

माल उतरला की सुतार चढायचे. कच्च्या फळ्या ठोकून दोन मजली फळकुटं उभी करायची, दोन्ही बाजूंनी, मधे बोळ. सहा फूट लांब, सहा फूट रुंद अशी एक चौकट, तिच्यात चार माणसं. माणशी दीड फूट. तुमच्या घरातला एका माणसाचा पलंग तीन फूट रुंद असतो, त्यावरून अंदाज घ्या. एकटा माणूस असला तर शेजारी कोण येईल ते नशीब. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याने आणायचं. बहुतेक जण पेंढा भरलेली गादी आणत. अमेरिकेचा किनारा जवळ आला की या गाद्या समुद्रात फेकायला सांगत आणि फळकुटं मोडत, कारण पलीकडे लाकूड भरायला जागा मोकळी हवी. सेंट लॉरेन्स नदीच्या तोंडाशी अशा गाद्यांचा पेंढा तरंगत असे, असं त्या काळच्या वर्णनांत वाचायला मिळतं.

पैशांचं म्हणाल तर १८४०-५० च्या सुमारास लिव्हरपूल ते न्यू यॉर्क स्टीरेजचं तिकीट साधारण साडेतीन ते पाच पौंड, क्वेबेकचं त्याहून कमी. आयरिश शेतमजुराला हे पैसे जमवायला कित्येक महिने लागत. पुष्कळ तिकिटं त्यामुळे अमेरिकेतूनच यायची: आधी एक भाऊ किंवा बहीण जायची, घरकाम नाहीतर खोदकाम करून पैसे साठवायची आणि पुढच्याचं भरलेलं तिकीट टपालाने गावी पाठवायची. लिव्हरपूलला पोचल्यावर बंदरावरचे दलाल सामान हिसकून ठरावीक खाणावळीत नेऊन टाकत, खोटी नाणी देत, गरज नसलेली भांडीकुंडी गळ्यात मारत. वैद्यकीय तपासणी असायची, पण कशी? डॉक्टर खिडकीआड बसलेला, समोरून रांग सरकते आहे, "बरा आहेस ना? जीभ दाखव," की तिकिटावर शिक्का. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या तापाच्या गोष्टीत ही खिडकी आठवावी लागेल.

दीड महिना का लागायचा? उत्तर अटलांटिकवर वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो. अमेरिकेतून युरोपला येणं म्हणजे पाठीवर वारा घेऊन येणं, साडेतीन-चार आठवड्यांचं काम. उलट जाणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत जाणं. चांगल्या जहाजाला पाच-सहा आठवडे, रडक्या जहाजाला आठ, दहा, कधी त्याहून जास्त. म्हणजे गंमत बघा, लाकूड आणि कापूस लवकर पोचायचा आणि माणसं उशिरा. (गंमत हा शब्द वापरला, पण आम्ही पूर्ण ताकदीच्या इंजिनाच्या जहाजावर जानेवारीत त्याच रेषेवर डोकं आपटत गेलोय. चोवीस तासांत ठरलेल्या अंतराच्या निम्मंही कापलं गेलं नाही, असे दिवस मी लॉगबुकात लिहिलेत.)

खाण्याची व्यवस्था ऐकून आजच्या माणसाला नवल वाटतं. सुरुवातीच्या काळात जहाज फक्त पाणी आणि आग द्यायचं. अन्न तुमचं: ओटचं पीठ, बटाटे, खारवलेलं मांस, बिस्किटं. पुढे कायद्याने जहाजाला थोडा शिधा देणं भाग पडलं. १८४२ च्या ब्रिटिश कायद्यात माणशी आठवड्याला सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या आसपास, पाव, बिस्किटं, पीठ किंवा तांदूळ आणि दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पाणी असं ठरलं. हे पाणी पिण्याला, शिजवण्याला, धुण्याला, सगळ्याला. त्यातही पिंपं आधी कशाची होती यावर त्याची चव अवलंबून. वास मारायला लागलं की त्यात व्हिनेगर टाकून पीत. शिजवायची चूल उघड्या डेकवर, विटा लावलेल्या मोठ्या खोक्यासारखी. दोन-तीनशे माणसांत अशा दोन-तीन चुली. सकाळपासून भांडी घेऊन बायकांची रांग, धक्काबुक्की, खानसाम्याच्या हातावर काही टेकवलं तर नंबर लवकर. आणि वादळ आलं की चुली विझवायच्या. वादळ चार दिवस टिकलं तर चार दिवस कच्चं पीठ पाण्यात कालवून खायचं. उपाशी राहण्याचं कारण पुष्कळदा शिधा नसणं हे नसायचं, विस्तव नसणं हे असायचं. १८५० नंतरच्या कायद्यांनी जहाजानेच शिजवलेलं अन्न द्यावं अशी सक्ती केली, तेव्हा कुठे ही रांग हळूहळू मोडली.

विस्तवाची भीतीही खोटी नव्हती. २४ ऑगस्ट १८४८ ला 'ओशन मोनार्क' हे जहाज लिव्हरपूलहून बॉस्टनला निघालं आणि काही तासांतच वेल्सच्या किनाऱ्यासमोर पेटलं. १७८ माणसं गेली. किनारा डोळ्यांना दिसत होता.

आता हवेबद्दल. याच ठिकाणी मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण पुस्तकं भुकेवर आणि तापावर भरपूर लिहितात, पण जहाजावर काम केलेला माणूस पहिल्यांदा हॅचचा विचार करतो. लाटा डेकवर चढायला लागल्या की हॅच बंद करावीच लागते. तिच्यातून पाणी आत शिरलं तर जहाजच जाईल. म्हणजे कॅप्टन दुष्ट असो की देवमाणूस, वादळात तो हॅचवर झाकणं टाकून, ताडपत्री ओढून, पट्ट्या-पाचर ठोकणारच. मीही तेच केलं असतं. पण आमच्या हॅचखाली खताची पोती होती, त्यांच्या हॅचखाली तीनशे माणसं. अंधार. उलट्या. बादल्या कलंडलेल्या, कारण संडास वर डेकवर आणि वर जायची वाट बंद. कंदील दोन-चार, तेही हवा कोंदल्यावर मिणमिणत. मी कॅडेट असताना एका जुन्या जहाजावर वादळाचे तीन दिवस बंद राहिलेल्या ट्वीन डेकमध्ये उतरलो होतो. माणूस एकही नव्हता, नुसता ओला माल होता, तरी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोकं गरगरलं. बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, कॉलर धरून वर ओढलं आणि आयुष्यभर पुरतील अशा शिव्या घातल्या.

हॅच बंद केल्यावर काय होतं याचा सगळ्यात भयंकर दाखला अटलांटिकवरचा नाही, आयर्लंड आणि इंग्लंडमधल्या जेमतेम एक-दोन दिवसांच्या फेरीतला आहे. डिसेंबर १८४८. स्लायगोहून लिव्हरपूलला निघालेली 'लंडनडेरी' ही आगबोट. वारा सुटला तेव्हा डेकवरच्या लोकांना खाली कोंबून वरून तोंड बंद केलं. उघडलं तेव्हा ७२ जण गुदमरून मेलेले होते. यातले बरेच पुढे अमेरिकेच्या जहाजात चढणार होते.

अटलांटिकवर असा एका रात्रीचा मृत्यू क्वचित. तिथे कोंडलेली हवा आणि दाटी दुसऱ्या वाटेने मारायची. त्या तापाला खलाशी 'शिप फीव्हर' म्हणत, हा टायफस. तो अंगावरच्या उवांमधून पसरतो, हे १९०९ मध्ये शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. त्याआधी सगळे दुर्गंधीला दोष देत. म्हणून जहाजांवर फळ्या वाळूने कोरड्या घासायच्या, चुना टाकायचा, डांबराच्या बादलीत तापवलेलं लोखंड बुडवून धूर करायचा असे उपाय चालत. धुराने वास जायचा, ऊ जात नसे. दीड फुटात शेजारी झोपलेला माणूस, सहा आठवडे न बदललेले कपडे आणि पेंढ्याची गादी, यापेक्षा सोयीची जागा उवेला कुठे मिळणार?

'शवपेट्या' हा शब्द १८४७ सालच्या जहाजांशी जोडला जातो आणि त्या सालापुरता तो खरा आहे. बटाट्यावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. त्याच साली अमेरिकेने कायदा कडक केला: ट्वीन डेकवर प्रत्येक प्रवाशाला किमान १४ चौरस फूट जागा. हेतू चांगला, पण परिणाम असा की अमेरिकी बंदरांचं भाडं वाढलं आणि सगळ्यात गरीब, सगळ्यात आजारी माणसं स्वस्त लाकडाच्या जहाजांतून क्वेबेककडे वळली. काही जमीनदारांनी तर आपली कुळं घाऊक तिकिटं काढून रवाना केली. लिव्हरपूलच्या खिडकीआडून जिभा पाहून शिक्के पडत गेले. निघताना माणूस ताठ उभा. ताप पुढच्या आठवड्यात.

क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीत ग्रोस ईल नावाचं बेट आहे. १८३२ च्या कॉलऱ्यापासून तिथे क्वारंटाइनचं ठाणं होतं, डॉ. जॉर्ज डग्लस तिथले मुख्य. १८४७ च्या मेच्या मध्यावर 'सीरिया' हे पहिलं जहाज आलं, त्यावरच ताप होता. मेअखेर चाळीसच्या आसपास जहाजं एकामागे एक नांगर टाकून उभी. बेटावर खाटा दीड-दोनशेंसाठी, रुग्ण हजारांनी. मग निरोगी आणि आजारी त्याच जहाजांवर, त्याच फळकुटांवर कोंडून ठेवले गेले, आणि निरोगी उरले नाहीत. 'व्हर्जिनियस' या एका जहाजावर लिव्हरपूलहून ४७६ जण चढले होते, त्यातले १५८ बेट दिसायच्या आत गेले. त्या उन्हाळ्यात बेटावर पाच हजारांवर माणसं पुरली गेली. त्याच साली स्टीफन द व्हियर नावाचा एक आयरिश जमीनदार आपल्या कुळांबरोबर मुद्दाम स्टीरेजमधून गेला आणि उजेड नाही, हवा नाही, माणसं घाणीत पडलेली, असं पत्र त्याने लिहिलं. ते पत्र लंडनमध्ये सरकारपुढे वाचलं गेलं आणि पुढच्या कायद्यांना त्याचा उपयोग झाला. पोटातून पाहिलेल्या माणसाची साक्ष म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

पण १८४७ वरून सगळं शतक मोजू नका. सर्वसाधारण वर्षी अटलांटिकवर शंभरातला एखाद-दुसरा प्रवासी दगावत असे, आणि त्यात तान्ही मुलं जास्त. वाईटच, पण शवपेटी नव्हे. किंबहुना त्याच १८४७ मध्ये जर्मन बंदरांतून ग्रोस ईलला आलेली जहाजं बरीच निरोगी होती. ब्रेमेनने १८३२ पासूनच मालकांवर जहाज समुद्रात जाण्यालायक असल्याची, ९० दिवसांच्या शिध्याची आणि प्रवाशांच्या यादीची सक्ती केली होती. लोकही घरून भुकेले निघालेले नव्हते.

याहून बोलका दाखला 'जीनी जॉन्स्टन'चा. क्वेबेकला बांधलेलं हे लाकूडवाहू जहाज १८४८ ते १८५५ मध्ये आयर्लंडच्या ट्रेलीजवळून सोळा फेऱ्या गेलं, एका फेरीत २५४ पर्यंत माणसं. अख्ख्या काळात त्यावर एकही प्रवासी मेला नाही. जहाज तेच, मजला तोच, दीड फूट तेवढाच. फरक काय होता? कॅप्टन जेम्स ॲट्रिज अनुभवी होता, मालकाने रिचर्ड ब्लेनरहॅसेट नावाचा डॉक्टर पगारावर ठेवला होता, तापाचा संशय आला तर माणूस चढूच द्यायचा नाही, आणि हवा चांगली असली की सगळ्यांना डेकवर काढून खालचा मजला धुवायचा. पहिल्या फेरीच्या वेळी जहाजावरच एक मूल जन्मलं. त्याचं नाव निकोलस जॉन्स्टन रायली. निकोलस हे मालकाचं नाव, जॉन्स्टन जहाजाचं.

असाच फरक ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्यांत दिसतो. तो प्रवास तीन-चार महिन्यांचा, तरी सरकारी मदतीने जाणाऱ्या प्रौढ माणसांची मरणाची शक्यता अटलांटिकपेक्षा जास्त नसे, उलट कमीच. कारण तिथे भाडं सरकार भरायचं, जहाजावर सरकारने नेमलेला डॉक्टर असायचा, आणि त्याचे पैसे जिवंत उतरलेल्या माणसांवर ठरायचे. अटलांटिकवर भाडं निघतानाच खिशात पडलेलं असे. पलीकडे किती उतरले याच्याशी मालकाचं देणं-घेणं फारसं नव्हतं. १८५५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की आठ वर्षांवरचा प्रवासी वाटेत आजाराने मेला तर कॅप्टनने माणशी दहा डॉलर भरायचे. रक्कम छोटी, पण मेलेल्या माणसाला पहिल्यांदा जमाखर्चात जागा मिळाली.

आपल्याकडच्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची जहाजंही याच महासागरात शिरत होती, हे इथे सांगायला हवं. कलकत्त्याहून निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालून, अटलांटिक तिरका कापून. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ब्रिटिश गियानाला पोचली, १८४५ मध्ये 'फतेल रझाक' त्रिनिदादला. मजला हाच, ट्वीन डेक. पुढे त्या जहाजांवरच्या डॉक्टरांनाही जिवंत उतरलेल्या डोक्यांवर पैसे मिळू लागले. मॉरिशसला गेलेल्या आपल्या मराठी मजुरांनी मात्र हा महासागर पाहिला नाही. त्यांचा प्रवास हिंदी महासागरातच संपला.

आणि गुलामांची जहाजं? दोन्ही मजले एकाच मापाचे, म्हणून तुलना सुचते, पण ती ताणू नका. आयरिश मजूर भुकेने पळत होता, तरी तिकीट त्याच्या खिशात होतं, पायांत बेडी नव्हती आणि पलीकडे तो विकला जाणार नव्हता. गुलाम माणूस स्वतःच माल होता. स्टीरेजचा प्रवासी मालाच्या जागेत बसलेला गिऱ्हाईक होता. कायद्याच्या आणि नशिबाच्या दृष्टीने हे अंतर अख्ख्या अटलांटिकएवढं आहे.

कायद्यांचं एकच सांगतो. माणसं किती चढवायची ते सुरुवातीला टनांवर मोजत. ब्रिटनमध्ये १८०३ ला दोन टनांमागे एक माणूस, अमेरिकेत १८१९ ला पाच टनांमागे दोन. टन हे जहाजाचं माल भरण्याचं माप, माणूस राहण्याचं नव्हे. आणि तो १८०३ चा कायदा नुसत्या दयेपोटी आला असं समजू नका. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले जमीनदार मजूर निघून जाऊ नयेत म्हणून तिकीट महाग करायला बघत होते. १८१९ च्या अमेरिकी कायद्याचा एक फायदा मात्र आजवर टिकलाय. प्रत्येक कॅप्टनने प्रवाशांची यादी जकात अधिकाऱ्याला द्यायची, ही सक्ती त्याने आणली. आज लोक आपले पूर्वज शोधतात ते या याद्यांत.

हे सगळं बदललं ते वाफेने. विल्यम इनमन या जहाजमालकाने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सिटी ऑफ ग्लासगो' या लोखंडी आगबोटीतून गरीब प्रवासी न्यायला सुरुवात केली. भाडं थोडं जास्त, पण प्रवास दोन आठवड्यांचा. (तीच बोट मार्च १८५४ मध्ये लिव्हरपूलहून निघाली आणि सुमारे ४८० माणसांसकट नाहीशी झाली. आजवर तिचा मागमूस नाही.) १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कला येणारे जवळजवळ सगळे प्रवासी आगबोटीने येत होते. शिडांच्या काळातली शेवटची मोठी लाज 'लायबनिट्झ'ची: १८६७ च्या नोव्हेंबरात हॅम्बर्गहून निघालेल्या या जहाजावरचे ५०० हून अधिक प्रवासी, जानेवारीत न्यू यॉर्क येईपर्यंत त्यातले शंभरावर मेलेले.

वाफेचा फायदा नुसता वेगाचा नाही. आगबोट वेळापत्रकाने धावते, तिला दोन्ही बाजूंनी ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. लाकूड-कापसाच्या परतीच्या फेरीवर ती जगू शकत नाही. स्थलांतर करणारा माणूस आता तिचा मुख्य माल झाला, आणि मुख्य मालासाठी मालक जागा बांधतो. लोखंडी नळ्यांचे बंक आले, यंत्राने हवा खेळवायला लागले, शेवटी चार-सहा जणांच्या खोल्या करून त्याला 'थर्ड क्लास' म्हणायला लागले. अन्न मात्र मोठ्या पातेल्यातून ओतलेलं सूप, बटाटे, हेरिंग मासा, आणि तुम्ही मागे पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या डोक्यावर झोपलेले. ती धडधड मला माहीत आहे, आमचीही कॅडेटांची केबिन तिथेच असे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी आणि १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या त्या याच आगबोटींच्या काळात. म्हणून त्यांच्या अटलांटिकवरच्या प्रवासाचा हिशोब दिवसांत होतो, महिन्यांत नाही.

एलिस आयलंडला तुम्ही पाहिलेल्या रांगाही या हिशोबातूनच कळतात. १८९२ च्या १ जानेवारीला ते ठाणं उघडलं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाचे प्रवासी बोटीवरच तपासून सोडत. बेटावर जायचे ते स्टीरेजवाले. १८९१ च्या कायद्याने नाकारलेल्या प्रवाशाला कंपनीने स्वखर्चाने परत न्यायचं होतं. मग कंपन्यांनी युरोपातच नीट तपासण्या सुरू केल्या, आंघोळी घालायला लागल्या, लसी टोचायला लागल्या. जिभेवरची खिडकी बंद झाली ती तेव्हा. आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांची आडनावं बदलली, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली असेल तर सोडून द्या. त्यांच्या हातात युरोपच्या बंदरात भरलेली यादी असे, ते तिच्यावर खुणा करत. आडनावं बहुतेकांनी पुढे स्वतःच सोपी केली.

काही वर्षांपूर्वी डब्लिनला 'जीनी जॉन्स्टन'ची हुबेहूब प्रतिकृती पाहायला गेलो होतो. खाली उतरलो, टेप काढली, फळकुट मोजलं. सहा बाय सहा. बायको म्हणाली, झोपून तर बघू या. आम्ही दोघं आडवे झालो आणि शेजारचं एक अनोळखी जोडपं हसत हसत तिसऱ्या-चौथ्या जागी आलं. कूस बदलायची तर चौघांनी एकदम बदलावी लागते. दोन मिनिटांनी ते जोडपं उठलं. वर हॅच उघडी होती आणि लिफी नदीचा वारा येत होता.